एकतिसावा खडा

व्हिएन्ना, योजेफश्टाट, तिसरा मजला. लिफ्ट बंद.
तराजू, भिंग, पांढरे हातमोजे घेऊन मी चढले.
दार वाल्बुर्गा स्त्रनादनं उघडलं.
"बाबांच्या डब्या स्वयंपाकघरात मांडल्यात," ती म्हणाली,
"उजेड तिथेच बरा पडतो."

मेणकापडावर एक्केचाळीस डब्या.
सोन्याच्या, कासवाच्या पाठीच्या,
एक अख्खी जांभळ्या स्फटिकातून कोरलेली,
एक मिन्याची, जिच्या झाकणावरली मेंढपाळीण
अडीचशे वर्षं एकाच मेंढराकडे बघते आहे.
आत सगळ्या रिकाम्या.
नाकापेक्षा मोती जड, म्हणतात.
इथे तर नाकं केव्हाच मातीत गेली,
मोती तेवढे मागे राहिले.

दात कोरून पोट भरत नाही, असंही म्हणतात.
डॉक्टर स्त्रनादांनी चाळीस वर्षं लोकांचे दात कोरले
आणि या जमवल्या.
मोटार नाही, सहली नाहीत,
पडदे लग्नातले, अजून तेच.
लिलावात ते झाकणाकडे बघतच नसत,
बिजागरी बघत.
डोळे मिटून अंगठ्यानं उघडायची, मिटायची, कानाशी धरायची.
चांगली डबी वाजत नाही, श्वास सोडते.
"जबडा चांगला आहे," एवढं पुटपुटत
आणि हात वर करत.

"तपकीर ओढायचे?"
"छे. शिंकेला घाबरत. हात हलतो म्हणायचे."

मी वजनं लिहीत गेले.
सतरावी डबी सॅक्सनीची.
झाकणावर, कडांवर, तळाला मिळून छप्पन्न खडे,
करंगळीच्या नखाहून लहान,
जॅस्पर, अकीक, दगड झालेलं लाकूड,
प्रत्येकाभोवती सोन्याची बारीक भिंत
आणि भिंतीवर आकडा.
चोरकप्प्यात घडीची पुस्तिका:
कुठला खडा कुठल्या टेकडीचा, कुठल्या ओढ्यातला.
एका राजाची सगळी जमीन
कोटाच्या खिशात मावेल अशी.

"एकतीस: दुधी अकीक," पुस्तिका सांगते.
पेन्सिलीनं शेजारी, डॉक्टरांच्या अक्षरात:
"हरवलेला. खाण बुजली. म्हणूनच परवडली."

पण खाच रिकामी नव्हती.
पांढरं काहीतरी बसलेलं, इतकं नेमकं
की भिंगाखालीही सांधा सापडेना.
पट्टे नाहीत. ओठाला लावून पाहिलं,
दगड गार लागतो,
हे नाही लागलं.
मी लिहिलं: "३१. नंतरची दुरुस्ती. हस्तिदंत?
किंमत एक तृतीयांशानं कमी."
आणि वाचून दाखवलं, तसा नियम आहे.

वाल्बुर्गा काही बोलली नाही.
साठीची बाई, कोपरांवर विरलेला स्वेटर.
फक्त तिची जीभ ओठामागे हलली,
वरच्या ओळीत, पुढे, जरा डावीकडे,
जिथे आता पक्का दात आहे
आणि एका हिवाळ्यात काही आठवडे नव्हता.

"सातवं लागलं होतं मला," मग म्हणाली.
"उशीखाली ठेवला, सकाळी गायब.
त्याच्या जागी एक शिलिंग.
मी खूप रडले.
इतक्या स्वस्तात गेला असं वाटलं."

मी पेन खाली ठेवलं नाही.
तिनं डबी जवळ ओढली, उघडली, नाक आत घातलं,
जसं लहान मूल भांड्यात घालतं.
बिजागरीच्या फटीत कुणाची तरी
शेवटची चिमूट अडकून राहिली असणार,
वाळलेली, तपकिरी, कुणालाच न दिसलेली.

ती शिंकली.
एकदा, मग पुन्हा, टेबलाला धरून,
एक्केचाळीस झाकणं मेणकापडावर खुळखुळली,
मेंढपाळीण कलंडली.
डोळ्यांतलं पाणी तिनं बाहीला पुसलं.
शिंकेचं होतं. मी तसंच धरून चालले.

कागदावर "हस्ति" खोडलं.
"दंत" ठेवलं.
प्रश्नचिन्ह खोडलं.
एक तृतीयांश तसंच राहू दिलं
आणि अठरावी डबी तराजूवर ठेवली.