गुरुवारचा रकाना

मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर
पट्टीने रेघा ओढून बसले आहे.
एकतीस मुलं, दोन ताई, तिसरी मी,
आणि सहा आठवड्यांचं प्रशिक्षण,
मंगळवार-गुरुवार, दहा ते चार, थाटीपूरला.
दहा ते चार, म्हणजे नेमकी आमचीच वेळ.
ज्यांनी ठरवली
त्यांच्या घरी तीन वर्षांचं कुणी नसावं.

हेमांगी गेली तर मधला गट माझ्याकडे,
तृप्ती गेली तर धाकटा माझ्याकडे,
दोघी गेल्या तर…
इथे खोडरबराने कागदाला भोक पडलं.

मंडळाचे चिटणीस पागनीस
जिना उतरता उतरता म्हणाले,
"एखाद दिवस सुट्टी द्या की पोरांना."
सुट्टी दिली
की कान्हाची आई त्याला हातगाडीवर बसवते,
मेथी आणि वांग्यांच्या मधे,
दिवसभर,
लष्करच्या या धुक्यात.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
जिना संपला होता.

पहिल्याच मंगळवारी मोजणी चुकली.
तीस.
पुन्हा तीस.
मी हजेरीपट मोठ्याने वाचत सुटले,
जणू नाव घेतलं की मूल उगवतं.
रामकली खरकटा हात तसाच घेऊन
बाहेर ओट्यावर गेली, बूट मोजले,
आणि दारातूनच म्हणाली,
"इकतीस जोड़ी हैं दीदी, अंदर ही है."
सतरंजीच्या गुंडाळीत झोपला होता कान्हा,
गालावर सतरंजीच्या रेघा,
मुठीत कुणाच्या तरी डब्याचं झाकण.

संध्याकाळी हेमांगी आली,
हातात निळी फाइल, डोळ्यांत नवं काहीतरी.
"मावशी, मुलाशी बोलताना
त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं."
बरोबरच आहे.
मी गुडघ्याला तेल चोळत ऐकलं.
बुटांचं सांगितलं तिला.
तिने फाइल उघडून ते लिहून घेतलं,
आणि मला आमच्या रकान्यांची लाज वाटली.

कारण रामकलीचं नाव त्यात नव्हतंच.
एकोणीस वर्षं तिचा पगार
फिनाइल आणि केरसुणीच्या खाली निघतो,
"इतर खर्च" या ओळीत.
पाचव्या गुरुवारी मी तिथे तिचं नाव लिहिलं.
ती हसली. मग घाबरली.
"मैं? और खिचड़ी कौन चढ़ाएगा?"

मी चढवली.
मधल्या गटात भांडण झालं, ते सोडवून येईपर्यंत
खिचडीने तळ धरला.
वास वर भजनी मंडळापर्यंत गेला,
टाळ मधेच थांबले.
मुलांनी चुरमुरे खाल्ले, आणि गजक,
तृप्तीने स्वतःच्या घरासाठी आणलेली, सगळी.
जरीनाने पातेल्यात डोकावून निकाल दिला,
"आज ज़्यादा पक गया."

साडेपाचला रामकली परतली.
फाइल उघडलेली नव्हती,
साडीची घडीही मोडलेली नव्हती.
काय शिकवलं, मी विचारलं.
ती पातेल्याकडे बघत होती.
"छोटी कुर्सी पर बिठाया था, दीदी.
दिन भर बैठी रही.
किसी ने आवाज़ नहीं दी."

ही तक्रार होती की सुख,
मला अजून कळलेलं नाही.
तिने पदर खोचला,
राखेने तळ खरवडायला घेतला.
मी दुसरी घासणी घेतली.
बराच वेळ दोघींचाच खरखराट.

सहाव्या गुरुवारचा रकाना कोराच आहे.
हेमांगी म्हणते मी जाते, तृप्ती म्हणते मी.
रामकली काहीच म्हणत नाही,
पण काल जाता जाता विचारून गेली,
खिचडीत पाणी किती घातलं होतं मी,
एका वाटीला.