मासे, बारा नग

सप्टेंबर सरत आला की
कुपवाडच्या आमच्या सूत रंगवायच्या कारखान्यात
माझी परीक्षा असते.
पेपर मीच सोडवायचा,
तपासायचाही मीच.

गेल्या वर्षी पाणी किती वापरलं?
मीटर जूनपासून बंद.
मी मे महिन्याचा आकडा घेते, बारानं गुणते.
मेमध्ये अर्धी पाळी लग्नांना गेलेली असते,
म्हणून मे.

सोडलेल्या पाण्याचा रंग?
'आक्षेपार्ह नाही.'
खरंच, आक्षेप कुणी घेतलेला नाही.
ओढ्यापलीकडच्या वीटभट्टीवरची पोरं तर
गोट्यांच्या पैजा लावतात :
आज मोरपंखी, की डाळिंबी?

उपाध्ये साहेब म्हणतात, मगदूमबाई,
मार्क फार कमी देऊ नका,
वरच्यांना वाटतं आपण झोपा काढतो.
पैकीच्या पैकीही नको,
वरच्यांना वाटतं काहीतरी दडवलंय.
म्हणून दहापैकी आठ.
मागच्या खेपेला साडेसात होते.
अर्ध्या गुणाची प्रगती
साहेबांनी हिरव्या शाईनं गोल केली.

शेवटच्या टाकीशेजारी एक काचेची पेटी आहे,
पाहुण्यांना दाखवायची.
वर पाटी : आमच्या पाण्यात मासे जगतात.
बाबालाल मुजावर रोज पहाटे,
पहिली पाळी यायच्या आत,
तिथं जाऊन येतो.
हातात चहाची जुनी गाळणी.

काल व्हाउचरं लावताना
'बाग व किरकोळ'मध्ये मिरजेच्या दुकानाची बिलं निघाली.
मासे, बारा नग.
मासे, बारा नग.
मासे, आठ नग, सोबत खाद्याची पुडी.
मी बेरीज करत गेले,
एकशे चाळीसला थांबले.
पेटीत जाऊन मोजले :
नऊ.
त्यातला एक कलता.

बाबालाल, पेटीत पाणी कुठलं भरता हो?

तो जरा दुखावलाच.
आपलंच की, बाई.
साहेब म्हणाले होते, बोअरचं भर.
बोअरचं भरलं तर जगतील हो मासे,
पण पाटी खोटी पडंल की.

साऱ्या कारखान्यात
एवढं एकच मोजमाप नेमानं चालतं,
गाळणीनं,
आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

फॉर्मच्या तळाशी एक चौकट आहे :
'इतर माहिती, असल्यास.'
दरवर्षी मी तिथं आडवी रेघ मारते.
आज पेन टेकवलं,
उचललं,
टोपण लावलं.

तीस तारीख परवा.
बाबालाल मिरजेला निघालाय,
लुनावर एक पाय टाकून, डबा अडकवून
खिडकीतून विचारतो,
बाई,
या खेपेला किती आणू?