ताडपत्री

वखारभागात रात्री पावणेदोनला
दोनच गोष्टी जाग्या असतात:
कोपऱ्यावरच्या एटीएमचा पंखा
आणि मी.

दिवसभर हळदीच्या सौद्यात उभा होतो.
नखांच्या कडांत अजून पिवळं आहे,
साबणाला न जुमानणारं.
वजनं लिहिली, पावत्या फाडल्या,
चौदा नंबरच्या राशीत एक पोतं कमी भरलं
तेही जमवलं, सहाच्या आत.
मग ते पोतं आता
माझ्या उशाशी कशाला येऊन बसलंय?

डोळे मिटले की यार्ड उघडतं.
राशी ओतल्या जातात.
ही दादाच्या न उचललेल्या फोनची.
ही सन्मतीला जेवताना जे बोललो त्याची,
‘तुला काय कळतंय’, तीनच शब्द,
पण ओतताना केवढी धूळ उडाली.
ही रिपोर्टातल्या तांबड्या आकड्याची,
ज्याला डॉक्टर म्हणाले, बघू पुढच्या महिन्यात.
ही तर मागच्या सालची, विकून झालेली,
पैसेसुद्धा आलेले,
तरी कुणीतरी परत ओतलीय.

पुकारणारा मीच,
घेणारा मीच, नडणारा मीच.
भाव काही फुटत नाही.

उपाय सगळे झाले.
जायफळ उगाळून दूध झालं.
रत्नप्रभेनं काशाच्या वाटीनं तळपाय घासले,
पाय काळे पडले, झोपलेसुद्धा,
डोकं तेवढं राहिलं.
शंभरापासून उलटं मोज, असं कुणी सांगितलं.
मला! ज्याचं पोट मोजण्यावर चालतं.
सत्त्याण्णवला पोचेस्तोवर
मी क्विंटलचा हिशेब लावून बसलो.

तीनच्या सुमारास मिरजेकडून मालगाडी गेली.
तिचे डबे मोजले नाहीत, असं म्हणणार होतो,
पण एकेचाळीस होते.

मग भूपालकाका आठवले.
आमच्या अडतीतले जुने तोलाईदार.
त्यांच्या वेळी भाव तोंडानं बोलत नसत,
रुमालाखाली बोटं धरत.
किती दाबली, कुठलं पेर दाबलं,
ते दोघांनाच ठाऊक.
मी नवा होतो.
एका संध्याकाळी एका राशीला गिऱ्हाईक लागेना
आणि मी घुटमळत
हळकुंडं उचलून मोडत राहिलो,
आतून रंग कसा, कड कशी,
परत एक, परत एक.
काका म्हणाले, “मोडून मोडून संपवशील रास.
ताडपत्री आण.”
“पण सौदा?”
“आज नाही झाला.
हळद काय रात्रीत पळून जातीय?
झाक आणि घरी जा.”
त्यात फार काही ज्ञान नव्हतं.
त्यांना कवठेपिरानची शेवटची एसटी गाठायची होती.

उठलो नाही. पडल्या पडल्याच
ताडपत्री ओढली.
आधी दादाची रास. कोपरे दाबले, विटा ठेवल्या.
मग तांबड्या आकड्याची,
तिच्यावर दोन विटा जास्त.
सन्मतीची झाकताना हात अडला.
तिची एक बाजू उघडी ठेवली,
सकाळी पहिली हीच.
मागच्या सालच्या राशीकडे गेलो
तर तिथं रास नव्हतीच,
फरशीवर नुसता डाग,
पिवळा.

यार्डाचा दिवा कुणी मालवला नाही.
तो आपला आपण
थोडा लांब गेला.

वाकळेखाली
रत्नप्रभेचा हात झोपेतच सरकत आला,
माझी दोन बोटं धरली,
जरा दाबली.
काय भाव लावला, कळलं नाही.
वाकळ मी तशीच राहू दिली.