दोनदाच

“लाल बटण दोनदाच दाबायचं,”
ग्लिन प्यू फोनवर सांगतो,
“पुन्हा पुन्हा दाबलंत तर पोटात नुसतं तेल साचतं,
आणि पेटतं तेव्हा भसकन पेटतं.”
मी चार वेळा दाबलेलं असतं.
सांगत नाही. तो ओळखतो.
“मग आता थांबा. चहा करा. अर्ध्या तासाने बोलू.”

टाकी मंगळवारीच कोरडी पडली.
काटा पाव टाकी दाखवत होता,
पण काटाच अडकलेला, उन्हाळ्यापासून.
आज टँकर येऊन पाचशे लिटर ओतून गेला,
तरी बॉयलर घुमतो, खोकतो,
आणि लाल दिवा लावून बसतो
धोंड्याच्या महिन्यात रुसलेल्या जावयासारखा.

नाइटनच्या वरच्या अंगाला हे शेवटचं घर.
गॅसची पाइपलाइन खाली चर्चपाशीच थांबते.
शून्याखाली तीन. कुंपणापलीकडे मेंढ्या,
अलीकडे शेडमध्ये मी, दातात टॉर्च,
हातात चार नंबरची ॲलन की,
कान आणि खांदा यांच्यामध्ये ग्लिन.

“आधी डोळा पुसा.”
ज्योत बघायला त्याला एक डोळा असतो, बोराएवढा.
त्याला उजेड दिसला नाही
की दहा सेकंदांत सगळं बंद.
मी कार्डिगनच्या बाहीने काजळी पुसते.
“आता नळीतली हवा काढायची.
दूध प्यायलेल्या बाळाची ढेकर काढतात ना, तसं. घाई नाही.”

पंपाच्या कुशीतला छोटा स्क्रू
अर्धा आटा सैल.
बटण.
फुस्स. फेस. पुन्हा फुस्स.
आणि मग धार, सरळ, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत.

निळा रंग नाही,
पण वास तोच.

ग्लिन त्याला अठ्ठावीस सेकंदांचं तेल म्हणतो.
आम्ही रॉकेल म्हणायचो,
आणि विट्याच्या शाळेत मला रॉकेलवाली.
बाबांचं रेशनचं दुकान,
पत्र्याचं नरसाळं, लिटरचं माप,
कडेला मुडपलेलं, त्यावरून रोज भांडण.
माझ्या वह्यांना तो वास, रिबिनींना,
डब्यातल्या चपातीलासुद्धा.
मी हात धुवायचे, साबण झिजेपर्यंत.
फार्मसीला गेले
ते कदाचित हात धुवायला मिळतात म्हणूनच.

“ऐकताय ना? स्क्रू घट्ट करा!”
करते.
आत टकटक ठिणगी,
एक क्षण काहीच नाही,
मग लांबून ट्रक यावा तसा घूं.
डोळ्याला दिसलं असावं.
वरच्या मजल्यावर रेडिएटर एकेक बोट मोडायला लागले.

सकाळी ग्लिन आला, गुडघा धरून.
“पेटवलात, शाबास. पण ज्योत आळशी आहे.”
धुराड्यात नळी घालून पिचकारी दहा वेळा ओढली,
कागदावर ठिपका उमटला, तिटेएवढा, तितकाच काळा.
हवेची झडप केसभर उघडली.
पंपाचा दाब सातावरून आठावर.
पुन्हा दहा वेळा. करडा.
आणखी केसभर.
तिसऱ्या कागदावर ठिपका आहे की नाही
यावर आमचं जरा वेळ एकमत होईना.
तो म्हणाला, “एवढा असू द्यावा.”

दुकान उघडायला वीस मिनिटं उशीर.
हात तीनदा धुतलेले.
मिसेस बेडोज रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला पुढे वाकल्या,
नाक किंचित वर केलं,
आणि मी विट्याला पोचले, सहावी ब, मागचा बाक.
“टाकी संपली होती ना तुझी?” त्या म्हणाल्या.
“आमची दर नाताळात संपायची. हवा काढता आली?”
मागून कुणीतरी विचारलं, लिटरला किती पडलं?
त्याच्यामागचा म्हणाला, मला तर त्याहून दोन पेन्स जास्त.
कुणी टँकरवाल्याला शिवी दिली,
कुणी म्हणालं, निम्मी टाकी उरली की मागवावं.

काउंटरपाशी रांग हलेना.
मी गोळ्या मोजत होते, सावकाश,
आणि दर सांगत होते, ज्याला त्याला.