साक्षीचा चौकोन

बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा,
जिभेवर फिरवायचा
आणि आभाळावर हलकेच घासायचा.
अहवालात याला भारदस्त नाव आहे,
खरं म्हणजे ती थुंकी.
म्हणून चार महिने सेवउसळ बंद.
त्या तर्रीनं विलायती ढग पेटले असते.

हिंदुराव माने, पहारेकरी, दालन चौथं,
एकतीस वर्षं त्याच स्टुलावर.
पहिल्याच दिवशी म्हणाले,
"आम्ही लोकांना लांबून बघा म्हणतो, ताई,
आन तुम्ही सरळ थुंकताय."

चित्रात ओढा. ओढ्यावर लाकडी साकव.
तीन गाई साकवाकडे तोंड करून,
चौथी गुडघाभर पाण्यात, मान वळवलेली.
एक पोर, काठी खांद्यावर आडवी.
मागं झाडांच्या गर्दीतून चर्चचा सुळका
आणि सगळ्यावर काकवीसारखा
उतरता उजेड.
चितारी कोण, माहीत नाही.
पितळी पट्टीवर एवढंच: सायंकाळ.

हिंदुरावांनी गाईंना नावं दिली होती,
ढवळी, कपिली, बांडी.
पाण्यातलीला नव्हतं.
"ती रेंगाळणारी. नाव दिलं की घोर लागतो."
साकवापलीकडे गाव असणार, हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.
रोज पाचला, घंटा झाली की,
पोर अंधाराआधी पोचेल एवढा उजेड आहे ना
ते बघायचे,
मग खिडक्या लावायचे.
बाहेर कमाटीबागेत भेळवाले गाड्या आवरत असायचे,
पुलाखाली विश्वामित्रीत मगरी.
"आपल्या नदीत गाय उभी राहील का अशी?
बिनघोर?"

तिसऱ्या आठवड्यात डावा कोपरा निळा झाला.
नंतर गवत.
बरणीत बोळे साठत गेले
विडीच्या थोटकांच्या रंगाचे.
जुनं वार्निश, कंदिलांची काजळी,
कुणाच्या तरी दिवाणखान्यातला चिरुटाचा धूर.
संध्याकाळ बरणीत उतरत होती
आणि मी झाकण लावून तारीख लिहीत होते.

गवतावर पांढरे ठिपके निघाले,
टाचणीच्या टोकाएवढे. भिंग लावून पाहिलं.
दव.
सुळक्याशेजारी धुराची एक रेघ निघाली.
चूल. म्हणजे गाव तिथं,
गाईंच्या पाठीमागं.

दोन दिवस मी सांगितलं नाही.
तिसऱ्या दिवशी त्यांनीच चष्मा काढला,
सदऱ्याला पुसला, परत लावला.
"ही सकाळ आहे का हो?"
हो म्हणाले.
"मग घरी नाही चालली ही मंडळी?"
नाही. आत्ताच निघालीत. चरायला.

पंखा फिरत होता.
एक शाळेची रांग आली, ममी कुठं आहे विचारून गेली.
"एकतीस वर्षं," हिंदुराव म्हणाले,
"मी त्यांना उलटंच पोचवत होतो."
आणि हसले. पण स्टूल मात्र त्यांनी
त्या दिवशी दाराशी नेलं.

आमच्या कामात एक रिवाज आहे.
सगळं धुतलं तरी कुठंतरी
नखाएवढा चौकोन जुनाच ठेवायचा,
पुढच्यांना कळावं म्हणून, आधी काय होतं.
त्याला साक्ष म्हणतात.
तो कडेला ठेवावा, चौकटीच्या सावलीत,
नजर जाणार नाही असा.

मी तो चौथ्या गाईवर ठेवला.
वरून विचारणा झाली.
रंगाचा थर तिथं कच्चा आहे, असं लिहून दिलं.
पूर्ण खोटं नव्हतं.

हिंदुरावांनी चित्राजवळ नाक नेलं,
स्वतःच लोकांना जे करू देत नाहीत ते.
"हिच्याकडं अजून दिवेलागणच आहे."
हो.
"रेंगाळणारीच ती," म्हणाले,
एवढंच.

पाचला घंटा झाली. खिडक्या लागल्या.
दिव्याच्या बटणावर हात ठेवून ते थोडे थांबले.
"बाकीच्यांची दुपार व्हायचीय अजून."
मग अंधार.
जिन्यावरून चार पायऱ्या उतरून
परत वर गेले,
कुलूप ओढून पाहायला,
दोनदा.