मानेपासून तळव्यापर्यंत

रात्रपाळीच्या वहीत अक्षर माझंच आहे:
खोली चार, अच्युत. रात्रभर ओरडला.
डोकं पलंगाच्या गजावर आपटत होता.
दुसऱ्या रात्री तेच.
तिसऱ्या रात्री मी नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं.
सोमवारी अर्ध्या गोळीची एक झाली.

खाजवून खरूज काढू नये, म्हणतात.
ज्याची कोपरं छातीशी आवळलेली,
मुठी जन्मापासून मिटलेल्या,
त्यानं खाजवायचं कशानं?
त्याच्याजवळ एक डोकं होतं
आणि एक गज.

मला पहिल्यांदा कळलं ते बसमध्ये,
सिंहगड रोडला, दांडी धरून उभी असताना.
बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ.
धायरी फाट्यापर्यंत एक हात दुसऱ्याला ओरबाडत होता.
फिनेलचं असेल, म्हटलं.
आठ दिवस लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला.
यल्लव्वाही घालत होती, ऐन एप्रिलात.
आम्ही एकमेकींच्या बाह्यांकडे बघत नव्हतो.
खाडा पडला की पगार कापतात.

मग खळदकर डॉक्टरीणबाई आल्या,
फरशीवर मांडी घालून बसल्या,
अच्युतचा हात कोमट पाण्याच्या टोपात धरला.
एकेक बोट. अकरा मिनिटं.
मी सात वर्षं ती मूठ
बाहेरूनच पुसत आले होते.
टॉर्चच्या उजेडात तळव्यावर
शिसपेन्सिलीनं ओढावी तशी रेघ, वाकडी,
रेघेच्या टोकाशी एक ठिपका.
“किती रात्री?” त्यांनी विचारलं.
मी वही आणायला उठले, आणि
आणलीच नाही.

एकाच रात्री सगळ्यांना, त्या म्हणाल्या.
सत्तावीस जण, आम्ही आठ,
स्वयंपाकीण, वॉचमन, वॉचमनची बायको,
आमच्या घरची माणसंसुद्धा.
मानेपासून तळव्यापर्यंत,
नखांखाली, बेंबीत, काखेत,
जिथे डायपरची पट्टी रुतते तिथे.
नलूताई कुणाला मानेला हात लावू देत नाही;
तिनं स्वतःच लावलं, आरशासमोर, पावडर लावावी तसं.
फिरोजनं विचारलं, रंग कुठला आहे?
पांढरा, म्हटलं.
“मग भिंतीसारखे दिसत असू आपण,” म्हणाला, आणि खूप हसला.

रेवणची माकडटोपी पिशवीत बांधून ठेवली,
तीन दिवस उघडायची नाही.
तो पिशवीशेजारी बसून राहिला.
दिवस त्याला मोजता येत नाहीत,
म्हणून यल्लव्वानं जेवणं मोजून दिली, सहा चिंचोके.
प्रत्येक ताटामागे एक उचलायचा.

गच्चीवर गाद्या.
समोरच्या सोसायटीची चिठ्ठी आली,
तुमचा रोग आमच्या खिडकीसमोर वाळवू नका.
इस्त्रीवाल्यानं गाठोडं हात न लावता परत केलं.
विश्वस्तांनी फोनवर एवढंच विचारलं,
आणलं कुणी?
कुणी आणलं काय सांगू, साहेब.
इथे माणसाला पलंगावरून खुर्चीत ठेवायचं
तर मिठीच मारावी लागते.
दिवसातून चौदा वेळा.

आठवड्यानं दुसरा हात दिला.
किडा मेला तरी खाज दोन आठवडे राहते,
बाईंनी बजावलं होतं.
तसंच झालं.
रात्री अडीचला खोली चारमधून तोच आवाज.
मी त्याला कुशीवर वळवलं,
पाठीवर हात ठेवला.
इथे? आवाज वाढला.
वर? अजून वाढला.
डावीकडे, खांद्याच्या पात्याखाली,
तिथे पोचले आणि
आवाज बंद.
मी हात काढला. सुरू.
ठेवला. बंद.

हे त्याला केव्हापासून सांगता येत होतं?

वहीत लिहिलं: खोली चार. ओरडला. खाज होती.
गोळी अजून एकच आहे, अर्धी करायला सही लागते,
साहेब गुरुवारी येतील.
मागचं पान तसंच आहे.
पानांवर आकडे छापलेत, फाडता येत नाही.