कंट्रोल

सालमियातल्या लॅबमध्ये रात्री एसी जरा जास्तच गार.
मेणाच्या ठोकळ्याचे काप काढतो,
कोमट पाण्यावर सोडतो,
साय उचलावी तसे काचेवर घेतो.

प्रत्येक काचेच्या कडेला निरोगी तुकडा लागतो.
आमच्याकडे आहे अपेंडिक्स:
देवू मांडवकर, सुतार, फहाहीलचा कॅम्प.
पोटात दुखतंय म्हणून काढलं,
निघालं धडधाकट.
तो केव्हाच गुहागरला परतला.
एवढासा देवू इथंच,
व्हिसाशिवाय.

रंग चढला की त्याच्या पेशीपेशीभोवती
तपकिरी रेघ उमटते,
त्यानंच बसवलेल्या चौकटीसारखी, कुठं फट नाही.
ई-कॅडहेरिन.
शेजारणीला धरून ठेवणारं प्रथिन.

त्याच काचेवर आजचा नमुना.
स्तन, डावा. वय एक्केचाळीस.
दुधाच्या नळीला अजून रेघ आहे,
पुसट नाही, चांगली ठसठशीत.
नळीबाहेर मात्र
नुसती निळी केंद्रकं,
एकामागे एक,
कुणी कुणाचं नसल्यासारखी
निघालेली.

रंगच फसला असेल,
म्हणून काच सरकवून
पुन्हा देवूकडे येतो.

देवू तपकिरी.
पक्का.